एस्प्रेसो मशीन बिघडलं? स्क्रू काढायच्या आधी हा क्रम पाळा

घरचं एस्प्रेसो मशीन नीट चालेनासं झालं की बहुतेक जण थेट झाकण उघडतात नाहीतर नवा पंप ऑर्डर करतात, पंप येतो, बसवतात, आणि तक्रार जिथल्या तिथेच, कारण बिघाड पंपात नव्हताच. तो जाळीत अडकलेल्या जुन्या कॉफीच्या तेलात होता, किंवा क्षाराने चोंदलेल्या व्हॉल्व्हमध्ये, किंवा चक्क कॉफी पावडरीत. एस्प्रेसो मशीन हे काही फार गुंतागुंतीचं यंत्र नाहीये, टाकीतून पाणी निघतं, पंप ते ढकलतो, बॉयलर तापवतो, व्हॉल्व्ह वाट देतो, आणि पाणी कॉफीतून बाहेर येतं. ह्या वाटेवर कुठे अडलंय हे आधी शोधायचं आणि मगच हात लावायचा. लोक इथेच चुकतात, म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिलंय, आणि हा क्रम खरंच मोडू नका.

हे कुठल्या मशीनसाठी आहे ते आधी बघा. व्हायब्रेशन पंप असलेली घरगुती मशीन, म्हणजे गॅजिया क्लासिकसारखं ५८ मिमी पोर्टाफिल्टरचं (म्हणजे कॉफी भरायचं मूठवालं भांडं) एक बॉयलरवालं, किंवा डेलाँगी डेडिकासारखं ५१ मिमीचं थर्मोब्लॉकवालं, म्हणजे बॉयलरऐवजी पाणी वाहता वाहता तापवणारा धातूचा ठोकळा असलेलं. बटण दाबलं की आतच बिया दळणाऱ्या फुल्ली ऑटोमॅटिक मशीनची रचना वेगळी असते, ती ह्या लेखात नाहीत. आणि मशीन वॉरंटीत असेल तर टप्पा ४ च्या पुढे जाऊ नका, सर्व्हिस सेंटरला फोन करा.

## आधी तयारी

हे सगळं ओट्यावर काढून ठेवा, मध्येच शोधाशोध नको:

- साधा डिजिटल मल्टिमीटर
- स्टार स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की चा सेट, एक ॲडजस्टेबल पाना
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा
- सुई नसलेली मोठी सिरिंज आणि तिच्या तोंडावर घट्ट बसेल अशी पातळ नळी
- ब्लाइंड बास्केट, म्हणजे भोकं नसलेली बास्केट (पोर्टाफिल्टरच्या आत बसणारी कॉफीची वाटी)
- जुना टूथब्रश, लाकडी टूथपिक, टिश्यू पेपर
- सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबू सत्व
- फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस

शेवटच्या वस्तूबद्दल एक सांगतो, रबराच्या रिंगांना व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस नसेल तर काहीच लावू नका, नुसतं पाणी चालेल.

आता विजेचं. मशीन १३०० ते १४५० वॉटच्या आसपास ओढतं, म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर, त्यामुळे ते मिक्सरच्या छोट्या सॉकेटला लावू नका, फ्रीज-गीझरला असतं तसं १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट पाहिजे आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं पाहिजे. पाणी आणि वीज एकाच डब्यात आहे, अर्थिंगशिवाय हे मशीन वापरूच नये.

अमेरिकेतून कुणी मशीन आणून दिलं असेल तर मागची प्लेट वाचा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर नुसता पिनचा ॲडॅप्टर लावून आपल्या सॉकेटला जोडायचं नाही, हीटर आणि पंप दोन्ही जळतील. चांगल्या क्षमतेचा स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, मशीनच्या वॉटपेक्षा बराच जास्त वॉटचा. आणि तरीसुद्धा पंप थोडा कमीच पाणी देईल, कारण त्याचा दट्ट्या विजेच्या प्रत्येक फेरीला एकदा हलतो, तिथे सेकंदाला ६० वेळा, इथे ५० वेळा. म्हणजे अशा मशीनचा फ्लो कमी वाटला तर तो बिघाड समजू नका.

सावधान: टप्पा ५ पासून पुढे मशीनच्या आत हात घालायचाय. स्विच बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून बाहेर काढायची. स्टीमच्या वेळी बॉयलर साधारण १४५ डिग्रीला असतो, आत हवेच्या दाबापेक्षा जवळजवळ ३ बार जास्त दाब असतो. पिन काढा, वाफेचा नॉब उघडून वाफ पूर्ण जाऊ द्या, आणि मग निदान तासभर हात लावू नका.

## टप्पा १: बिघाड कॉफीत आहे का मशीनमध्ये?

ह्या टप्प्याला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही आणि हाच टप्पा सगळे वगळतात. मशीन नेहमीसारखं तापवा आणि ह्याच क्रमाने चार चाचण्या करा.

चाचणी क. पोर्टाफिल्टर न लावता पंप ३० सेकंद चालवा, पाणी कपात घ्या आणि वजन करा. सरळ धार यायला हवी, सगळ्या जाळीतून सारखी.

चाचणी ख. वाफेच्या नळीतून गरम पाणी काढा, म्हणजे नॉब उघडून पंप चालवा. (तुमच्या मशीनमध्ये गरम पाण्याचं वेगळं बटण असेल तर ते.)

चाचणी ग. पोर्टाफिल्टरमध्ये रिकामी बास्केट लावून पंप चालवा.

चाचणी घ. नेहमीची कॉफी भरून शॉट (एका वेळची एस्प्रेसो) काढा, वजन आणि वेळ दोन्ही मोजा.

आता वाचायचं कसं ते बघा.

क, ख, ग तिन्ही मस्त आणि फक्त घ मध्ये पाणी अडतं किंवा भसकन पडतं, तर मशीन ठणठणीत आहे, ते उघडू नका! दळण बघा. साध्या एकपदरी बास्केटमध्ये १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत, हा सुरुवातीचा हिशोब धरा. थेंब थेंब पडतंय तर दळण जाड करा, १५ सेकंदांत कप भरतोय तर बारीक करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दळण आणि वजन एकदम बदललंत तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. बिया भाजून बरेच महिने झाले असतील तर कितीही बारीक दळा, क्रेमा (वरचा सोनेरी फेस) येत नाही, तो दोष मशीनचा नाही.

इथे एक आपल्याकडची खास गोष्ट आहे. दुकानात मिळणाऱ्या फिल्टर कॉफीत बऱ्याचदा चिकोरी असते, २०-३० टक्केसुद्धा, पाकिटावर लिहिलेलं असतं पण कोणी वाचत नाही. दाबाखाली गरम पाणी लागलं की चिकोरी चिकट होते आणि बास्केट, जाळी सगळं चोंदतं. साउथ इंडियन फिल्टरमध्ये ती छान लागते, एस्प्रेसो मशीनमध्ये नको. इन्स्टंट कॉफी तर अजिबात नाही.

घ सोबत ग मध्येही पाणी अडतंय तर बास्केट बुजलीये. मशीनसोबत येणाऱ्या दुपदरी बास्केटला खालच्या बाजूला फक्त एकच बारीक भोक असतं, ते चोंदतं, आणि माणूस पंपाला दोष देत बसतो. बास्केट उजेडाकडे धरून काही दिसणार नाही, दोन पदर आहेत, म्हणून नळाखाली धरा आणि पाणी खालून निघतंय का ते बघा. कोमट पाण्यात तासभर भिजवा, भोकात बारीक सुई हलकेच घाला, भोक मोठं करू नका.

क मध्ये पाणी नाही किंवा बारीक, पण ख मध्ये भरपूर, तर पंप चांगला आहे आणि अडथळा ग्रुपमध्ये (पोर्टाफिल्टर जिथे अडकवतो त्या भागात) आहे, म्हणजे जाळी नाहीतर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारा-मिटणारा). टप्पा ३ ला जा.

क आणि ख दोन्हीत पाणी नाही, तर टप्पा २.

तपासा: क चाचणीचं वजन एका चिठ्ठीवर लिहून मशीनच्या मागे चिकटवा. ज्यांचं मशीन आत्ता चांगलं चालतंय त्यांनी तर आजच करा, कारण प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो आणि तुमच्या मशीनचा निरोगी आकडा माहीत असेल तर सहा महिन्यांनी तो घसरलाय की नाही हे एका मिनिटात कळतं. ह्या एका आकड्याइतकी उपयोगी माहिती मॅन्युअलमध्येसुद्धा नसते.

## टप्पा २: पाणीच येत नाही

पंपाचा आवाज ऐका, बरंच काही तोच सांगतो.

जोरात खडखड करतोय, पाणी नाही: पंपात हवा शिरलीये. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली, किंवा मे महिन्यात सगळे गावाला गेलात आणि मशीन तसंच पडून राहिलं, की हे होतं.

दबका, घुसमटलेला घूं आवाज: पंप ढकलतोय पण पुढे वाट बंद आहे. क्षार किंवा बंद व्हॉल्व्ह.

आवाजच नाही: वीज पंपापर्यंत पोचत नाहीये. टाकी नीट बसलीये का बघा, बऱ्याच मशीनमध्ये टाकीत चुंबकाचा तरंगता तुकडा असतो, तो अडकला की मशीनला टाकी रिकामी वाटते. ते ठीक असेल तर मशीन बंद करून अर्धा तास थांबा, पंपावर उष्णतेने तुटणारा संरक्षक स्विच असतो आणि काहींमध्ये तो थंड झाल्यावर आपोआप परत जोडला जातो.

हवा काढायची पद्धत अशी:

1. टाकी काढा, खालचा स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह बोटाने दाबून बघा, सहज हलला पाहिजे. त्यातली जाळी धुवा.
2. टाकीत पाणी मऊ करणारा फिल्टर असेल तर तो काढून ठेवा. नवीन फिल्टर न भिजवता कोरडाच लावला तर त्यातली हवा थेट पंपात जाते.
3. टाकी काठोकाठ भरून परत बसवा, वरून दाबा.
4. वाफेचा नॉब पूर्ण उघडा. ही पायरी विसरू नका, समोर वाट मोकळी नसेल तर पंप हवा ढकलू शकत नाही.
5. पंप १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं चार-पाच वेळा.
6. तरी नाही आलं तर सिरिंजमध्ये पाणी भरून टाकीच्या खालच्या छिद्रातून, जिथून मशीन पाणी ओढतं तिथून, हळूहळू आत ढकला आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी पंप चालू करायला सांगा.

आवाज खडखडीतून एकदम जाड, भरीव झाला की पाणी धरलं समजा.

सावधान: पंप कोरडा चालवत बसू नका. ह्या पंपांना सलग चालायची सवय नसते, मिनिटभर चालला की तेवढीच विश्रांती द्या. आत येणारं पाणीच त्याला थंड ठेवतं आणि तेच नसेल तर तो तापून जळतो, म्हणजे चांगला पंप आपणच घालवला.

## टप्पा ३: ग्रुप साफ करणं

मशीन पूर्ण थंड असताना. मशीन उलटं करता आलं तर बरं, टाकी आणि ट्रे आधी काढा. जाळी मधल्या एका स्क्रूने बसवलेली असते, तो स्क्रू काढताना ड्रायव्हर नीट बसवून जोर द्या, कॉफीच्या तेलाने तो जाम झालेला असतो आणि डोकं झिजलं तर पुढे फार त्रास आहे. घट्ट असेल तर गरम पाणी आणि कॉफी क्लीनर (कॉफीचं तेल काढणारी पावडर) ब्लाइंड बास्केटमध्ये भरून ती बास्केट खालून लावून रात्रभर ठेवा, सकाळी बहुतेक वेळा सुटतो. काही मशीनमध्ये जाळीच्या वर एक जाड धातूची प्लेट असते, ती दोन ॲलन बोल्टनी बसवलेली असते, तीही काढा, खरी घाण तिच्या मागेच असते.

जाळी आणि प्लेट कॉफी क्लीनरच्या गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून ब्रशने घासा. प्लेट ॲल्युमिनियमची असेल तर क्लीनरमध्ये फार वेळ ठेवू नका, काळी पडते.

प्लेट काढलीये तोवर गास्केट बघा, म्हणजे पोर्टाफिल्टर जिला टेकतो ती रबरी रिंग. कुकरच्या रिंगसारखीच ती उष्णतेने कडक होते. नखाने दाबा, नख रुतलं नाही तर बदलायची वेळ झाली. दुसरी खूण, पोर्टाफिल्टरची मूठ पूर्वी समोर सरळ यायची आणि आता उजवीकडे पार पुढे जाते. कडक झालेली रिंग टोकदार सुईने किंवा स्क्रूने उचकटून काढा, तुकड्यांत निघाली तरी हरकत नाही, पण खाचेतला जुना काळा थर पूर्ण खरवडल्याशिवाय नवी बसवू नका, नाहीतर नवीसुद्धा पहिल्या दिवसापासून गळेल. नवी घेताना जाडी मोजून घ्या, ५८ मिमी ग्रुपमध्येसुद्धा ८ आणि ८.५ मिमी अशा वेगवेगळ्या जाडीच्या येतात.

बॅकफ्लश, म्हणजे ब्लाइंड बास्केट लावून क्लीनरचं पाणी उलटं व्हॉल्व्हमधून सोडणं, फक्त तीनमुखी सोलेनॉइड असलेल्या मशीनला करायचा. ओळखायचं कसं? शॉट थांबवला की लगेच फुस्स आवाज येऊन ट्रेमध्ये पाणी सुटतं आणि कॉफीची वडी कोरडी निघते, तर व्हॉल्व्ह आहे. नक्की नसेल तर मॅन्युअल बघा, तिथे बॅकफ्लशचा उल्लेख नसेल तर करू नका, कारण दाब सुटायला वाटच नसते आणि पोर्टाफिल्टर काढताना गरम पाणी-कॉफी अंगावर उडते.

व्हॉल्व्ह असेल तर ब्लाइंड बास्केटमध्ये अर्धा चमचा क्लीनर पावडर, पंप १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, पाच वेळा. मग पोर्टाफिल्टर धुऊन नुसत्या पाण्याने तेच परत, ट्रेमध्ये फेस यायचा थांबेपर्यंत. भांड्याचा साबण ह्यासाठी वापरू नका, त्याचा फेस आणि वास जाता जात नाही.

तपासा: जाळी परत बसवून चाचणी क पुन्हा करा. आकडा जागेवर आला असेल तर काम झालं, पुढचं वाचायची गरज नाही.

## टप्पा ४: डिस्केलिंग, म्हणजे आतला क्षार काढणं

लोक मशीन बिघडलं की सगळ्यात आधी हेच करतात आणि ह्यानेच कधी कधी अर्धवट चालणारं मशीन पूर्ण बंद पडतं. आत क्षाराचा जाड थर असेल तर ॲसिडने तो एकदम विरघळत नाही, त्याच्या कपच्या सुटतात आणि त्या कपच्या सोलेनॉइडच्या बारीक छिद्रात जाऊन अडकतात. म्हणून आधी टप्पा ३, आणि डिस्केलिंगच्या वेळी जाळी काढलेलीच ठेवायची, म्हणजे कपच्या निदान तिथून तरी बाहेर पडतील.

तुम्हाला गरज आहे का ते पाण्यावर ठरतं. मुंबईचं तलावांचं आणि पुण्यात खडकवासल्याचं पालिकेचं पाणी मऊ असतं, त्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये क्षार फार हळू साठतो. पण सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. इलेक्ट्रिक केटलच्या तळाशी बघा, पांढरा थर धरला असेल तर तोच थर बॉयलरमध्येही आहे.

मग आरओचं पाणी घालू का? सरसकट नको. स्पेशालिटी कॉफीवाले टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये) ७५ ते २५० च्या मध्ये, १५० च्या आसपास धरतात. घरच्या आरओचं पाणी बऱ्याचदा ह्यापेक्षा खूप खाली असतं, कॉफी पांचट लागते, आणि ज्या मशीनमध्ये पाण्याची पातळी विजेच्या सळईने कळते तिथे इतकं शुद्ध पाणी सळईला जाणवतच नाही. आरओमध्ये थोडं पालिकेचं गाळलेलं पाणी मिसळा, स्वस्तातल्या टीडीएस मीटरने बघा. फक्त लक्षात ठेवा की टीडीएस म्हणजे कडकपणा नाही, मीठही त्यात मोजलं जातं, त्यामुळे केटलचा तळ हा जास्त खरा साक्षीदार.

कृती:

1. मशीनला स्वतःचा डिस्केल मोड असेल (थर्मोब्लॉकवाल्या बऱ्याच मशीनना असतो) तर तोच वापरा, खालचं सोडा.
2. १ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवा, तळाला एकही कण राहायला नको.
3. मशीन थोडं तापवून बंद करा, मग मिश्रण टाकीत घाला. उकळत्या बॉयलरमध्ये सायट्रिक ॲसिड घालू नका, त्याने कॅल्शियमचा वेगळाच न विरघळणारा गाळ तयार होऊ शकतो.
4. एक कप वाफेच्या नळीतून, एक कप ग्रुपमधून काढा, १० मिनिटं थांबा. टाकी संपेपर्यंत परत परत.
5. टाकी धुवा, साध्या पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण काढा, दोन्ही वाटांनी. शेवटचं पाणी चाखून बघा, आंबट लागता कामा नये.

सावधान: जुन्या गॅजिया क्लासिकसारख्या मशीनचा बॉयलर ॲल्युमिनियमचा आहे. त्यात ॲसिड १५-२० मिनिटांच्या वर ठेवू नका. पाणी निळसर-हिरवट यायला लागलं तर तांबं-पितळ विरघळतंय, तिथेच थांबा आणि धुवा.

व्हिनेगर नको, वास राहतो आणि रबरालाही बरं नाही. लिंबाचा रस तर नकोच, त्यातला गर आत अडकतो.

## टप्पा ५: गळती कुठून?

मशीनखाली कोरडा टिश्यू पेपर अंथरा आणि नुसतं चालू करून बघत बसा, कुठे आधी ओलं होतं ते बघा. पुसून मग शोधू म्हणालात तर सापडत नाही.

पोर्टाफिल्टरच्या कडेने येतंय तर गास्केट, किंवा काठावर कॉफीचे कण राहिलेत, कॉफी भरल्यावर काठ बोटाने पुसायची सवय लावा. वाफेच्या नळीतून सतत थेंब, तर नॉबच्या आतली रिंग किंवा तिथला क्षार. नॉब जोर लावून आवळल्याने ते थांबत नाही, उलट आतली सीट खराब होते. ट्रे लवकर भरतो ही गळती नाही, तीनमुखी व्हॉल्व्ह प्रत्येक शॉटनंतर तिथेच पाणी सोडतो.

मशीन नुसतं तापत असताना ग्रुपमधून थेंब थेंब येत राहिले तर सोलेनॉइडच्या सीटवर कचरा आहे, टप्पा ७. आणि तळातून येत असेल तर पिन काढून झाकण उघडा, सिलिकॉनच्या नळ्या कुठे सुटल्यात का, बॉयलरच्या दोन भागांच्या सांध्यावर पांढरी-हिरवी रेघ आहे का ते बघा. पाणी वाळून मागे राहिलेला हा डाग थंड मशीनमध्येसुद्धा गळतीची जागा दाखवतो.

## टप्पा ६: तापत नाही, किंवा घरातली वीज जाते

आधी हे बघा की पडतंय काय. एमसीबी पडत असेल तर शॉर्ट आहे किंवा लाइनवर लोड जास्त झालाय, गीझर-मायक्रोवेव्ह बंद करून बघा. ईएलसीबी किंवा आरसीसीबी पडत असेल तर करंट अर्थला गळतोय, आणि त्याचं पहिलं संशयित हीटर, दुसरं आतली गळती.

सावधान: ईएलसीबी पडतोय म्हणून अर्थची पिन काढून मशीन चालवणारे लोक आहेत. हे कधीही करू नका. तो स्विच तुमचा जीव वाचवत असतो.

पिन काढलेली, मशीन थंड. तारा काढायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, मग मल्टिमीटर.

हीटर: दोन्ही तारा काढून टोकांमधला ओहम मोजा. २३० चा वर्ग भागिले वॉट, हा हिशोब. १३०० वॉटला जवळपास ४१ ओहम, १४५० ला ३६. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. मग एक टोक आणि बॉयलरचा धातू ह्यांच्यात मोजा, तिथे काहीही आकडा यायला नको, आला तर हीटर गळका आहे, आणि बऱ्याच मशीनमध्ये हीटर बॉयलरमध्येच ओतलेला असतो, म्हणजे बॉयलरच बदलावा लागतो.

थर्मल फ्यूज: मीटर कंटिन्यूटीवर (तार जोडलेली असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवा, बीप यायला हवा. नाही आला तर उडालाय. तो थेट तारेने जोडून मशीन चालवू नका, आग लागायची गोष्ट आहे. फ्यूज उडाला म्हणजे आधी बॉयलर कोरडा तापला किंवा थर्मोस्टॅट चिकटून बसला, ते शोधा, नाहीतर नवाही उडेल. त्याच डिग्रीचा फ्यूज घ्या आणि दाबून बसणाऱ्या धातूच्या कनेक्टरने जोडा. सोल्डर करू नका, सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो.

थर्मोस्टॅट: साधे बायमेटलवाले खोलीच्या तापमानाला बंद, म्हणजे जोडलेले असतात. बीप नाही तर खराब. बदलताना खाली थर्मल पेस्ट लावा, नाहीतर तो बॉयलरचं तापमान उशिरा ओळखतो आणि कॉफी जळकी लागते.

हीटर, फ्यूज, थर्मोस्टॅट तिन्ही चांगले निघाले आणि मशीन इलेक्ट्रॉनिक बोर्डवालं असेल तर इथे थांबा, बोर्ड जाणकाराकडे द्या. तारांच्या कनेक्टरवर गंज आणि आत झुरळं आहेत का एवढं मात्र बघा, पावसाळ्यात ऊब शोधत ती बोर्डापर्यंत जातात.

## टप्पा ७: सोलेनॉइड आणि पंप

इथवर आलात आणि चाचणी क अजून नापास, ख पास, तर सोलेनॉइड. शॉटचं बटण दाबल्यावर टक् असा आवाज येतो का? येत नसेल तर कॉइलला (व्हॉल्व्हवरच्या तारेच्या वेटोळ्याला) वीज नाही किंवा कॉइल गेली. आवाज येतो पण पाणी नाही, तर आत कचरा.

कॉइलवरचं नट काढून कॉइल वर ओढून घ्या, मग खालची पितळी नळी पान्याने सोडा. आतून छोटा दट्ट्या आणि स्प्रिंग निघेल, तो दट्ट्या कुठल्या तोंडाने वर होता त्याचा फोटो घ्या, उलटा बसवला तर व्हॉल्व्ह कामच करत नाही. धातूचे भाग सायट्रिकच्या पाण्यात भिजवा, छिद्र टूथपिकने साफ करा, तारेने नाही, सीटवर चरा पडला की कायमची गळती. दट्ट्याच्या टोकाच्या रबरावर खोल खड्डा पडला असेल तर दट्ट्या बदला. कॉइल पाण्यात घालू नका. परत बसवताना व्हॉल्व्हच्या खालच्या ओ रिंग जागेवर आहेत ना ते बघा, एखादी बॉयलरला चिकटून राहते आणि कळत नाही.

क आणि ख दोन्ही नापास, हवा काढून झाली, डिस्केलिंग झालं, पंपाला वीज मिळतेय, आणि पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून बादलीत सोडली तरी धार मरतुकडी, आता आणि आत्ताच नवा पंप मागवायचा. नळी सोडून बघायची ही पायरी पिन काढूनच, नळी बादलीत नीट बसवल्यावरच वीज जोडायची, आणि हात लांब.

जुन्या पंपावरचं लेबल बघून तेच व्होल्टेज, तीच फ्रिक्वेन्सी आणि तेवढेच वॉट घ्या, उल्का कंपनीचे ईपी ५ आणि ईएक्स ५ हे पंप दिसायला सारखे असतात पण पाणी जाणारं एकाचं टोक पितळेचं, दुसऱ्याचं प्लास्टिकचं, आणि प्लास्टिकच्या टोकावर पितळी नट जोरात आवळला की आटे जातात. पंपाच्या बाजूचा रबरी आधार आणि उष्णतेचा संरक्षक स्विच जुन्यावरून काढून नव्यावर चढवा, बरेच जण तो जुन्या पंपाबरोबर कचऱ्यात टाकतात.

## टप्पा ८: बंद करायच्या आधी

फोटो समोर ठेवून एकेक तार ताणून बघा, सैल कनेक्टर तापून वितळतो. अर्थची हिरवी-पिवळी तार बॉडीला परत जोडली ना? मीटरने पिनचं मोठं टोक आणि मशीनची धातूची बॉडी ह्यांच्यात बीप यायलाच हवा, आल्याशिवाय सॉकेटला लावू नका.

झाकणाचे सगळे स्क्रू लावून मगच मशीन चालू करायचं. आधी हवा काढा, पाणी दोन्ही वाटांनी आलं की मगच तापू द्या, कोरडा बॉयलर तापवणं हीच थर्मल फ्यूज उडवायची खात्रीची पद्धत आहे. दोन टाक्या नुसतं पाणी काढा, चाचणी क चं वजन घ्या, चिठ्ठीवरच्या जुन्या आकड्याखाली आजची तारीख टाकून लिहा. मशीनखाली कोरडा टिश्यू अंथरून रात्रभर ठेवा, पिन काढून, आणि सकाळी तो कोरडा असेल तर कॉफी भरा.